भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट: ९ मीटरखालच्या गल्ल्यांत हे थांबवायला हवं

ओळंबा (धागाकर्ता)

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर. कुठल्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकात रस्त्यांचं पान उघडा, काँक्रिटीकरणाखेरीज दुसरं काही सापडणं कठीण. मुंबईत तर दोन टप्प्यांत मिळून सुमारे ७०० किमी रस्ते काँक्रीटचे करायला घेतले. बस, डंपर, टँकर जिथे दिवसभर धावतात त्या रस्त्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, तिथे काँक्रीटच हवं. माझा आक्षेप ६ ते ९ मीटर रुंदीच्या गल्ल्यांना तेच औषध पाजण्यावर आहे. एका कंपाउंडच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सलग काँक्रीट ओतायचं, मध्ये वीतभर माती दिसू द्यायची नाही, आणि चौकात फलक लावायचा.

पहिला मुद्दा पातळीचा. गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याची रचना वरून खाली अशी: २०० मिमी एम-४० दर्जाचं काँक्रीट, ज्याला साइटवर पीक्यूसी म्हणतात, त्याखाली १०० ते १५० मिमी कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, म्हणजे डीएलसी, त्याखाली १५० मिमी खडी-मुरूम. बेरीज ४५० ते ५०० मिमी. रस्त्याची पातळी होती तिथेच ठेवायची तर जवळजवळ अर्धा मीटर खोदावं लागतं. मुख्य जलवाहिनी सहसा त्याहून खाली असते, पण तिच्यापासून घरोघर जाणारे अर्धा-पाऊण इंची नळजोड, फोन आणि इंटरनेटच्या केबल, कधी कधी विजेचीही, फूट-दीड फुटावर पसरलेल्या असतात. जेसीबीने अर्धा मीटर खोदलं की गल्लीचं पाणी बंद. म्हणून २०० ते २५० मिमी खरवडलं जातं आणि उरलेला थर वर चढतो. रस्ता वीतभर उंच होतो. जुन्या घराचं जोतं दोन पायऱ्यांचं असेल, तर त्यातली दीड पायरी एका हंगामात गाडली जाते.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. काँक्रीट रस्त्याचं संकल्पन ३० वर्षांसाठी करतात. त्याखालचे जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचे नळजोड १०-१५ वर्षांत गंजतात. जुन्या वस्त्यांत मलवाहिन्या चिनीमातीच्या, सांधे उघडे पडलेल्या. ३० वर्षांची फरशी १० वर्षांच्या पाइपावर घालून झाकण लावणं याला नियोजन म्हणत नाहीत. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेच्या नव्या वाहिन्यांसाठी काँक्रीटचे रस्ते फोडावे लागले, ते याच क्रमाच्या घोळामुळे.

म्हणून मागणी अशी: ९ मीटरखालच्या गल्लीत आधी नळजोड, मलवाहिनी, पावसाळी गटार बदला. ते होईपर्यंत डांबर किंवा पेव्हर ब्लॉक. आणि डांबराचा नवा थर देताना जुना थर मिलिंगने काढून मगच, म्हणजे यंत्राने खरवडून.

खडीवाला

मागणीचा पहिला अर्धा भाग मान्य. दुसरा कागदावरचा आहे.

"जुना थर मिलिंगने काढून" हे वाक्य प्रत्येक निविदेत असतं. मिलिंग यंत्राचा ड्रम मीटर-दोन मीटर रुंद. ६ मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मध्ये दर २५-३० मीटरवर चेंबरचं झाकण. झाकणाभोवती हाताने फोडावं लागतं. ३०० मीटरच्या गल्लीसाठी ट्रेलरवर यंत्र आणणं कुणालाच परवडत नाही, म्हणून ते येत नाही. जुन्यावर ४० मिमी नवं डांबर पडतं. दर चार-पाच वर्षांनी एक थर धरा: ३० वर्षांत सहा-सात थर, म्हणजे २४० ते २८० मिमी. पातळी चढतेच, फक्त हळू चढते म्हणून कुणी फोटो काढत नाही. जुन्या पेठांमधले वाडे रस्त्याच्या खाली गेलेले दिसतात, ते डांबराने गेलेत.

दुसरं, गल्लीत डांबराचा शत्रू वाहतूक नसते, पाणी असतं. थरात ८ टक्क्यांहून जास्त पोकळी राहिली की पाणी आत शिरतं. वरून चाक गेलं की ते पाणी पोकळीत दाबाने ढकललं जातं, चाक पुढे गेलं की मागे खेचलं जातं. खडीवरचं डांबर असं सुटत जातं. आधी बारीक खडी निघते, मग ताटलीएवढा खड्डा, मग पंधरवड्यात परात. ज्या गल्लीत गटार उलटं वाहतं, टाकी भरून वाहते, गाड्या रस्त्यावर धुतल्या जातात, तिथे डांबराला वर्षाचे बाराही महिने पावसाळाच. काँक्रीटला साचलेल्या पाण्याचं असं वावडं नसतं.

पेव्हर ब्लॉकचं तर बोलूच नका. ८० मिमी ब्लॉक, खाली ३० मिमी दगडी कच. खालचा थर नीट दाबलेला नसेल तर कच पहिल्याच पावसात वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगतात.

नागपुरी तर्री

धागाकर्त्याला पाठिंबा, पण लोक एक चुकीचं कारण पुढे करतात ते आधी बाजूला काढू या: "सिमेंटचा रस्ता पाणी जिरू देत नाही". अहो, डांबराचाही नाही जिरू देत! पावसाच्या हिशेबात दोघांचाही अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा, ०.८ ते ०.९ धरतात.

फरक कडेला पडतो. पूर्वी ७-८ मीटरच्या रस्त्यात डांबर ४ मीटर असायचं, दोन्ही अंगांना मुरूम-माती. आता भिंतीला भिडेपर्यंत काँक्रीट. आकडे मांडतो. १ किमी लांब गल्ली, दोन्हीकडे २-२ मीटर मातीची पट्टी झाकली, म्हणजे ०.४ हेक्टर. गुणांक ०.३ वरून ०.९ झाला. तासाला ५० मिमी पाऊस धरला तर जादा पाणी सेकंदाला सुमारे ३३ लिटर. ऐकायला किरकोळ. पण याच १ किमीच्या नुसत्या ८ मीटर रस्त्याचं एकूण पाणी ह्या पावसात सेकंदाला १०० लिटर होतं. म्हणजे त्यातला एक तृतीयांश वाटा कडा झाकल्याने आला. छपरांचं आणि अंगणांचं पाणी वेगळंच.

आता पाइप बघा. ४५० मिमीचा आरसीसी पाइप, उतार ३०० ला १, पूर्ण भरून वाहिला तर सेकंदाला १६५ लिटरच्या आसपास. एवढ्या पाइपात रस्त्याचं पाणी मावतं, छपरांचं आलं की भरतो. त्यात निम्मा गाळ असेल तर विषयच संपला. तोच पाइप ६०० मिमीचा केला तर ३५० लिटर. व्यास तिसऱ्या हिश्शाने वाढला की वहनक्षमता दुपटीच्या वर जाते. काँक्रीट घालण्याआधी पाइप बदलणं स्वस्त, नंतर अशक्य.

आमच्याकडे नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराचं खापर सरसकट सिमेंट रस्त्यांवर फोडतात, ते अर्धवट आहे. काही तासांत १०० मिमीच्या आसपास पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला जागा नव्हती. पण नदीपासून लांबच्या लेआउटमधे दर पावसाळ्यात घरात पाणी शिरतं, तिथे तलाव नाही येत. तिथे रस्ता उंच आणि अंगण खाली, एवढीच गोष्ट असते.

बिटुमेन बुवा

खडीवाले, डांबराची बदनामी करताना तुम्ही वाईट डांबर आणि चांगलं काँक्रीट यांची तुलना करताय. उलटी करून बघा.

व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिश्रण प्लांटमध्ये १५० ते १६५ अंशांना तयार होतं. पसरताना ते किमान १४० असावं आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलिंग संपलं पाहिजे. ४० मिमीचा पातळ थर वारा असेल तर दहा-पंधरा मिनिटांत गार होतो. रोलर चालक चहाला गेला की तुमची ८ टक्के पोकळी १२ होते. रात्री बारा वाजता ताडपत्री न घातलेल्या डंपरमधून दीड तास लांबून आलेला माल टाकायचा, खाली धुळीवर टॅक कोट, म्हणजे थर चिकटवणारं पातळ डांबर, शिंपडल्यासारखा करायचा, आणि मग म्हणायचं डांबर पाण्यात टिकत नाही. थर्मामीटरची किंमत काही शे रुपये. तो साइटवर का नसतो, हे विचारा.

खड्डे बुजवण्याचंही तेच. खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या, तळ कोरडा, कडांना आणि तळाला डांबराचा हात, ५० मिमीच्या थरांनी भरून प्रत्येक थर दाबायचा. प्रत्यक्षात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात फावड्याने माल टाकून वरून ट्रकचं चाक नेतात.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने डांबराचाच केला, १० वर्षांच्या हमीवर, आणि हमी संपल्यावरही तो दशकानुदशकं टिकला. हवामान तेच, पाऊस तोच.

हिशेबनीस

जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण दर चर्चेत येतं आणि दर वेळी डांबराचं कौतुक करून संपतं. कौतुक करायचंय तर करारातल्या १० वर्षांच्या हमीचं करा. आज डांबरी कामाला हमी ३ किंवा ५ वर्षांची, मुंबईत काँक्रीटला १० वर्षांची. अभियंत्याच्या जागी बसून विचार करा: १० वर्षं खड्ड्यांवरून कुणी ओरडणार नाही असा पर्याय तो का सोडेल? गल्लीला काय योग्य, हा प्रश्न तिथे येतच नाही.

आणि नळजोड, मलवाहिनी, पावसाळी गटार ही तीन वेगळी खाती. रस्ते खात्याकडे पैसे मार्चच्या आत संपवायचे असतात, पाणीपुरवठ्याच्या निविदेला अजून तांत्रिक मंजुरी नसते. रस्ता आधी होतो कारण त्याची फाइल आधी तयार असते. धागाकर्त्यांची "आधी सेवा, मग रस्ता" ही मागणी तांत्रिकदृष्ट्या निर्विवाद आहे, पण अंदाजपत्रकात ती बसवायची तर चारही कामं एकाच निविदेत, एकाच ठेकेदाराकडे हवीत. बेंगळुरूत टेंडरशुअरच्या रस्त्यांवर असं केलं: पाणी, सांडपाणी, वीज, केबल यांना जागा आखून देऊन मग वरचा रस्ता. खर्चाचा आकडा मोठा दिसला आणि टीकाही झाली, पण क्रम बरोबर होता.

आयुष्यभराचा खर्च मांडून काँक्रीट स्वस्त ठरवणारी जी गणितं फिरतात, त्यात खोदकामाचा रकाना नसतो. तो घाला आणि पुन्हा बेरीज करा.

खडीवाला

खोदकामाचा रकाना घालू, पण दोन्हीकडे घाला. डांबरी रस्त्यातला चर तरी कोण नीट भरतं? १५०-२०० मिमीच्या थरांनी पाणी मारून दाबत यायला हवं, प्रत्यक्षात निघालेली माती ढकलून वर खडी. पहिल्या पावसात चर बसतो आणि गल्लीभर लांब खड्डा तयार.

काँक्रीटमध्ये नळजोड गळला तर खरं म्हणजे पूर्ण पॅनेल काढायचं असतं. सांधा ते सांधा कटरने कापून, ३.५ गुणिले ४.५ मीटर, म्हणजे सव्वातीन घनमीटरच्या आसपास काँक्रीट एका नळासाठी. बाजूच्या पॅनेलमध्ये भोकं पाडून इपॉक्सीने सळ्या बसवायच्या आणि नवं ओतायचं. हे कुणी करत नाही हे मलाही ठाऊक आहे. ब्रेकरने दोन फुटी चर फोडतात, त्याच्या कोपऱ्यातून तडे पळतात, वर ब्लॉक बसवून मोकळे होतात. म्हणूनच आडवे डक्ट आधी टाकायचे: दर ३०-४० मीटरवर १५० किंवा २०० मिमीचा एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा रिकामा पाइप, दोन्ही टोकांना चेंबर. याचा खर्च रस्त्याच्या मानाने नगण्य आहे.

आणि बुवा, "वाईट काँक्रीट" म्हणजे काय तेही सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. नव्या काँक्रीट रस्त्याला तडे जाण्याची कारणं ठरलेली आहेत.

सांधे उशिरा कापणं हे पहिलं. काँक्रीट आकसताना तडा ठरलेल्या रेषेत जावा म्हणून दर ४.५ मीटरवर आडवा काप हवा, खोली जाडीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे २०० मिमीला ५० ते ६५ मिमी. उन्हाळ्यात ६ ते ८ तासांत, थंडीत १० ते १२ तासांत. संध्याकाळी ओतलेल्या काँक्रीटला रात्री दोन वाजता कटर लागतो, आणि त्या वेळी ऑपरेटर घरी असतो. सकाळी नऊला तो येतो तेव्हा काँक्रीटने आपला सांधा आपणच निवडलेला असतो, वाकडातिकडा.

मग पाणी. घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि १५२ लिटर पाणी म्हणजे गुणोत्तर ०.३८. ट्रान्झिट मिक्सर वाहतुकीत अडकून दोन तासांनी पोचला, माल घट्ट झाला, की मजूर नळी लावतात. घनमीटरमागे २० लिटर गेलं की ०.४३. ताकद पडते आणि आकुंचन वाढतं, दोन्ही एकदम. असा मिक्सर परत पाठवायचा असतो. पाठवतो कोण?

चेंबरची झाकणं हे गल्लीचं खास दुखणं. पॅनेलच्या मधोमध गोल-चौकोनी भोक आलं की त्याच्या कोपऱ्यातून तडा ठरलेलाच. चेंबरभोवती वेगळा चौकोन सोडायचा, मध्ये १२ मिमीचा डांबरी बोर्ड, आणि जमेल तिथे आडवा सांधा चेंबरवरूनच न्यायचा. गल्लीत दर पाच-सहा पॅनेलला एक चेंबर, म्हणजे सांध्यांचा नकाशा काम सुरू होण्याआधी काढावा लागतो.

शेवटी क्युरिंग. ओलं गोणपाट, १४ दिवस. पावसाळ्याआधीची ३१ मेची मुदत डोक्यावर असली की सातव्या दिवशी गोणपाट पुढच्या गल्लीत जातं.

वडाची पारंबी

इतका वेळ कुणी झाडाचं नाव घेतलं नाही. अर्धा मीटर खोदाईत रस्त्याकडेच्या झाडाची एका बाजूची मुळं सरळ कापली जातात. त्यानंतर खोडाला गळ्यापर्यंत काँक्रीट. खोडाभोवती किमान १ मीटर मोकळं ठेवायचे राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आहेत, पण ६ मीटरच्या गल्लीत ते मोजतो कोण? पहिल्या वादळी पावसात झाड मुळं कापलेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेला पडतं आणि पंचनाम्यात कारण येतं "जोरदार वारा".

शिवाय सिमेंट. ६ मीटर गुणिले २०० मिमी, १ किमीला १२०० घनमीटर काँक्रीट, घनमीटरला ४०० किलोने ४८० टन सिमेंटयुक्त माल. त्यात २५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रांची राख, धरली तरी ३६० टन सिमेंट, म्हणजे साधारण ३०० टन कार्बन डायऑक्साइड. एका गल्लीला. आणि उष्णतेबद्दल बोलायलाच नको.

खडीवाला

उष्णतेबद्दल बोलायला हवंच, कारण तिथे तुमचं उलटं आहे. नवं डांबर सूर्यप्रकाश ५ ते १० टक्के परत फेकतं, नवं काँक्रीट ३५-४० टक्के. दुपारी दोन वाजता हात लावून बघा, डांबर जास्त तापतं. काँक्रीटची चकाकी डोळ्याला त्रास देते हे खरं, आणि रात्री ते साठवलेली उष्णता सोडतं हेही खरं, पण डांबरही सोडतं. गल्ली तापते ती सावली गेल्याने. झाडांच्या मुद्द्यावर मात्र पूर्ण सहमत. झाडाच्या २ मीटर परिघात जेसीबी नको, हाताने खोदाई हवी, आणि तिथला डीएलसी सोडून द्यायला हरकत नाही.

कार्बनच्या आकड्याला उत्तर: फ्लाय ॲश. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, राखेचे ढीग पडलेत. फक्त एक, राखेचं काँक्रीट सुरुवातीला ताकद सावकाश घेतं, म्हणून क्युरिंगमध्ये काटकसर केली तर ते साध्या सिमेंटपेक्षाही वाईट निघतं.

भरती-ओहोटी

मुंबईपुरतं. जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिमी पावसासाठी, तेही ओहोटी धरून. या गटारांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० मिमी सुचवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. त्यानंतर हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, इर्ला अशी पाणी उपसणारी उदंचन केंद्रं उभी राहिली, हिंदमातासाठी जमिनीखाली टाक्या झाल्या.

मुद्दा एवढाच: साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एका वेळी आले की गटारांच्या मुखाशी पाणी अडतं. तेव्हा गल्लीतली पट्टी मातीची होती की काँक्रीटची याने पाणी तुंबायचं थांबत नाही. पण तुंबलेलं पाणी घरात शिरणार की रस्त्यावर राहणार, हे मात्र वीतभर पातळीवरच ठरतं. सखल भागात रस्ता उंच करून "इथे आता पाणी तुंबत नाही" असं जाहीर करणं म्हणजे पाणी शेजारच्या चाळीत पाठवणं.

ओळंबा

खडीवाले, तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट मुख्य रस्त्यावर जमते. तिथे काँक्रीट पसरणारं पेव्हर यंत्र, ताकद तपासायला क्यूब टेस्टची प्रयोगशाळा, आयआयटीची देखरेख. गल्लीत रात्री दोनला कटर घेऊन कोण उभं राहणार? जी गोष्ट फक्त आदर्श कामातच टिकते, ती हलगर्जीपणा जास्त तिथे घालू नये, असं माझं म्हणणं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे आणि टिकलाय, पण त्याखालून कुणाचा नळ जात नाही.

खडीवाला

मग मधला तोडगा ऐका. ६ मीटरची गल्ली: मध्ये ४ मीटर काँक्रीट, दोन्ही कडांना १-१ मीटर ८० मिमीचे ब्लॉक. सगळे नळजोड आणि केबल त्या पट्टीत. गळती झाली की ब्लॉक उचला, दुरुस्त करा, परत बसवा, कटर-ब्रेकर काही नको. ४ मीटर रुंदीला मध्ये उभा सांधाही लागत नाही. ब्लॉकना एका अंगाला स्लॅबची कड, दुसऱ्या अंगाला भिंत किंवा कर्ब, त्यामुळे सरकत नाहीत. अट एकच: ब्लॉकखाली १५० मिमी खडी-मुरूम रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला हवा. नुसत्या मातीवर कच टाकून बसवले तर महिन्यात गाड्यांच्या चाकांनी नाल्या पडतील, कारण गाड्या नेमक्या त्या पट्टीवरच उभ्या राहणार.

नागपुरी तर्री

भाऊ, हा तोडगा मुरमावर ठीक, काळ्या मातीत नको. ब्लॉकच्या फटीतून पाणी स्लॅबच्या कडेखाली जाईल. काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. कड उचलली जाईल, मध्य तिथेच राहील, आणि ४ मीटरच्या स्लॅबला मधोमध लांब तडा. आमच्या निम्म्या शहराखाली हीच माती. तिथे स्लॅबखाली किमान ५०० मिमी चांगला मुरूम भरायचा, तो पट्टीखालीही न्यायचा, आणि त्या मुरमाला गटाराकडे उतार द्यायचा, नाहीतर मुरमाचाच हौद होतो. "पाणी जिरवा" हे वाक्य काळ्या मातीवर लागू पडत नाही. तिथे पाणी जिरत नाही, थांबतं. शोषखड्डे खणायचेत तर आधी खड्डा पाण्याने भरून तासाभरात किती उतरतं ते बघा.

आणि मग खोदाई आली एक मीटर. धागाकर्त्यांच्या पहिल्या मुद्द्यावर परत आलो ना आपण!

बिटुमेन बुवा

म्हणूनच म्हणतो, काळ्या मातीत गल्लीला डांबर. खाली माती हलली तर डांबर थोडं वाकतं, काँक्रीट मोडतं.

खडीवाला

वाकतं आणि वाकलेलंच राहतं. त्या वाकात पाणी साचतं, पुढचं वर लिहिलंय.

आडगल्ली

तज्ज्ञांचं भांडण चालू द्या. आमच्या ७ मीटरच्या गल्लीत पुढच्या आठवड्यात काँक्रीटचं काम सुरू होतंय, वर्क ऑर्डर निघालीये, थांबणार नाही. रहिवाशांनी नेमकं काय बघायचं?

ओळंबा

खोदाई सुरू होण्याआधी पाण्याच्या पारदर्शक नळीने प्रत्येक फाटकाच्या भिंतीवर एकाच पातळीची लाल खूण करा. त्या खुणेपासून आजचा रस्ता किती खाली आणि प्रत्येकाचा उंबरठा किती खाली किंवा वर, हे मिमीमध्ये लिहून फोटोसह कनिष्ठ अभियंत्याला द्या, पोच घ्या. मग संकल्पित पातळीचा नकाशा मागा. तयार रस्त्याची कड सर्वांत खालच्या उंबरठ्यापासून निदान १५० मिमी खाली हवी. डीएलसी पडल्यावर पुन्हा मोजा. तो शेवटचा क्षण, कारण त्यावर किती जाडी येणार हे ठरलेलं असतं.

प्रत्येक घराने आपला नळजोड आत्ताच बदलून घ्या, जीआयऐवजी एमडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, आणि तो मोठ्या पाइपच्या स्लीव्हमधून न्या.

खडीवाला

त्यात भर. दर ३० मीटरवर चाचणीखड्डा हाताने खणायला लावा, खाली काय आहे ते जेसीबीच्या आधी कळतं. रस्त्याला आडवा उतार २ टक्के: ७ मीटरला मधून दोन्हीकडे दिला तर कड मध्यापेक्षा ७० मिमी खाली, एकाच बाजूला दिला तर १४० मिमी फरक पडतो. कुठल्या बाजूला गटार आहे ते बघून ठरवा, नाहीतर सगळं पाणी एका रांगेतल्या घरांकडे जातं. पाण्याच्या जाळ्या स्लॅबच्या पृष्ठभागापेक्षा १० मिमी खाली बसवायच्या. जाळी ५ मिमी जरी वर राहिली तरी पाणी तिला वळसा घालून पुढे जातं, आणि ही चूक दहापैकी चार ठिकाणी दिसेल.

मिक्सर आला की चलनावर प्लांटमधून निघाल्याची वेळ बघा. नळी लावताना दिसले तर व्हिडिओ काढा.

नागपुरी तर्री

पाण्याच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर खुणा चुकतात. नळी आधी पूर्ण भरून दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी एका रेषेत आलं तरच कामाला लागा. आणि १५० मिमीचा आकडा मुंबईच्या सखल भागात पुरणार नाही, तिथे भरतीच्या दिवशी गेल्या पावसाळ्यात भिंतीवर राहिलेला पाण्याचा डाग मोजा आणि त्यावरून बोला.